पाच इंच आत

"नखरे आहेत हे! ताटावर बसायचं, चार घास चिवडायचे आणि उठायचं," हात धुता धुता नवरा म्हणाला.

"नखरे करायला सवड कुणाला आहे?" टेलरबाईनं मशीनवरून मान वर केली नाही. "भूकच लागत नाही. वर्ष झालं कानीकपाळी ओरडतेय."

पण पालथ्या घड्यावर पाणी. मागं त्याच्या पोटात कळ आली, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं घशातून दुर्बीण घातली, जठरात जंतू सापडला, चौदा दिवस गोळ्या झाल्या. आजारातही गड्यानं ताटात कधी काही टाकलं नव्हतं. त्याच डॉक्टरनं हिला मात्र 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावलं.

थोडा दोष बाईचाही. अंगातला ड्रेस ढिला झाला की ती बाजूची शिवण आत घ्यायची. टेलरच्याच अंगावर कपडा लोंबायला लागला तर गिऱ्हाईक दारात उभं राहील का? हात इतका साफ, की बाई झडत चाललीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

त्या दुपारी एक ड्रेस अंगानं भरलेल्या बहिणीला द्यायचा म्हणून तिनं उसवायला घेतला. आत शिवणीच्या चार ओळी निघाल्या, एकीच्या आत एक. टेप लावला. पाच इंच! तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच ड्रेस उचलून ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरच्या टेबलावर आपटला.

"घ्या, मोजा माझं टेन्शन."

आता मात्र तपासणी झाली. तोच जंतू निघाला. डॉक्टर समजावायला लागला, "भुकेचा निरोप जठरातून मेंदूला जातो. हार्मोन असतं ते. जंतूनं अस्तर सुजलं की ते कमी पडतं. एकाच जंतूचा त्रास बाईत एक, पुरुषात दुसराच, असंही दिसतं कधी. अजून पुरतं कळलेलं नाही."

"ते राहू द्या. यांच्या पोटात सापडला तेव्हा बायकोला तपासावं, एवढंही सुचलं नाही? यांचं ते पोट, आणि माझं काय पोतं?"

डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या.

घरी नवऱ्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "माझ्याच गोळ्या की या! आधी नाही का बोलायचंस?"

"मग वर्षभर काय भिंतीशी बोलत होते?" तिनं पाकीट हिसकावलं, पहिली गोळी गिळली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं.

"या ताई, बसा. काजं तेवढी राहिलीत," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.