दुसरा अंगठा

“लागला न्हाई मावशी, पुन्हा दाबा,” आमच्या क्लासच्या गल्लीतला सिमकार्डवाला म्हणाला.

लातुरात नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो यंत्राची काच पुसत बजावतो, “ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई. जमाना लई खराब हाय.” आणि गावाकडच्या माणसाचा अंगठा हमखास दोनदा घेतो. दुसऱ्या अंगठ्यावर त्याच माणसाच्या नावाने आणखी एक सिम निघतं, ते हा भलत्यालाच विकतो. आम्हा इंग्रजी वाचणाऱ्यांचा मात्र पहिल्याच वेळी लागतो.

“कापूस येचून बोटं झिजली बघा,” म्हणत किनवटहून मुलीला हॉस्टेलवर सोडायला आलेल्या मावशींनी अंगठा पदराला पुसला. त्याच्या मोबाइलवर हिरवी खूण केव्हाच आली होती. वर्षभर मी गप्प राहिले होते.

“मावशी, ठेवू नका,” मी म्हणाले. “पहिलाच लागलाय.”