शेळगावला न पोचलेला निरोप

निरोप देणारे वेगळे होते, आमचं काम तो पोचला का हे बघायचं. गरोदर बाईच्या नोंदवलेल्या नंबरवर दर आठवड्याला एक फोन जायचा आणि त्यात एक गोड आवाजाची बाई त्या त्या महिन्याचं सांगायची. आधी गोळ्या, मग इंजेक्शन, मग धोक्याची लक्षणं. आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांत जाऊन विचारायचो, ऐकलं का, कळलं का, लक्षात राहिलं का.

प्रश्न छापलेले असल्यामुळे आपल्याला फारसं बोलावं लागणार नाही, अशा समजुतीने मी ही नोकरी घेतली होती. बारामतीतच वाढले तरी माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ओट्यावर बसून अनोळखी बाईशी बोलायचं मराठी मला कधी लागलं नव्हतं. प्रश्नही आधी इंग्रजीत लिहिलेले आणि नंतर कुणीतरी मराठीत आणलेले होते. ते वाचताना मला माझाच आवाज परका वाटायचा.

पिंपळीतल्या त्या घरी मी दुपारी गेले. दारापर्यंत ऊस आलेला होता आणि शेताच्या बाजूने वारा मुळीच येत नव्हता. घरातला मुलगा एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. त्याची आई ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा फोन खिडकीच्या गजाला पिशवीत टांगलेला, कारण रेंज तेवढ्याच जागी यायची.

"सदर संदेशातील माहिती आपणांस कितपत उपयुक्त वाटली?" मी वाचलं.

"थांब. हे कुठल्या गावचं मराठी?"

"बारामतीचं."

"बारामतीत असं बोलत्यात व्हय? मग आमी पिंपळीचंच बरं." ती हसली आणि शेंगांची टोपली तिने बाजूला सारली. "सरळ इचार की, काय काय सांगितलं म्हनून. सगळं सांगती."

आणि तिने खरंच सगळं सांगितलं. हातावर, तोंडावर सूज आली, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यापुढं अंधारी आली, तर तारखेची वाट बघायची न्हाय, त्याच दिवशी दवाखाना. फोनमधल्या बाईसारखा सूर लावून तिने म्हणून दाखवलं. शेजारच्या दोघी-तिघींनाही ती हे ऐकवायची. माझ्या कागदावरच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा झाल्या.

"झाले का पास मी?"

"झालात. पण मावशी, उत्तरं सूनबाईंनी द्यायची आहेत."

"ती कुठं हाय हितं? सातव्यात वटी भरली आन भाऊ घिऊन गेला. पयलं बाळातपण माहेरी."

"मग फोन?"

"नंबर माजा हाय. नव्या सुनंचा नंबर बाहेर कोन देतं?"

म्हणजे धोक्याची लक्षणं सांगणारे सगळे फोन ती माहेरी गेल्यावर या खिडकीत आले होते. मी कागदावर नसलेला प्रश्न विचारला. हे तुम्ही तिला सांगता का?

"मी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्याच्या घरात चपला घालून शिरले होते. "आता ती त्यांच्याकडं हाय. मी विहिणीला फोन करून म्हनू व्हय, की बाई, पोरीचं तोंड बघ, पाय बघ? ती म्हनंल, हिला वाटतं आमाला आमची पोर सांभाळता येत न्हाय. लग्नातल्या साडीवरनं धरलंय त्ये अजून सोडलं न्हाय तिनं. न्हाय गं बाई. तिथनं फोन आला तर बोलायचं, न्हायतर गप बसायचं."

मी मॅडमना फोन करून विचारलं. पुण्याहून आमचं काम बघणाऱ्या या बाई शांत आणि नेमकं बोलणाऱ्या होत्या. घरातल्या कुणीही उत्तर दिलं तरी चालतं, असं त्या म्हणाल्या. ते घर आमच्या हिशेबात 'माहिती असलेलं' झालं.

सुनेचं माहेर शेळगावात होतं आणि शेळगाव माझ्या त्याच आठवड्याच्या कामात होतं. बाकीची घरं उरकून मी तिचं घर शोधत गेले.

अंगणात काकडीचे क्रेट रचलेले होते आणि तिची आई काकड्या निवडत होती, सरळ एकीकडे, वाकड्या दुसरीकडे. मुलगी भिंतीला टेकून बसलेली. वयाने ती माझ्याएवढीच असावी. मी सतरंजीवर बसले आणि प्रश्न काढले, पण माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ओटीभरणाच्या वेळी भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, ती हात हलवायची तेव्हा त्या हलत नव्हत्या. जोडव्यांच्या दोन्ही बाजूंनी बोटं फुगून वर आली होती. पापण्या जड दिसत होत्या.

"डोकं दुखतं का?" मी विचारलं. हाही प्रश्न कागदावर नव्हता.

"कालपासनं लई दुखतंय. आन फोन बघाय लागलं की अक्षरावर मुंग्या चालल्यासारखं हुतंय."

विचारणाऱ्याने सांगायचं नाही, असा आमचा नियम होता. आपण सांगितलं तर काय मोजतोय ते बिघडतं. मला तो नियम आवडायचा, त्याच्या आड बसता यायचं. त्या दिवशी मी त्याच्या आड बसले नाही. मी म्हणाले, "काकू, हिला आजच दवाखान्यात न्या. ही सूज साधी नाही."

"पयलटकरीण हाय. सूज येतीच." आई काकड्या निवडत राहिली.

"अहो, फोनवर हेच सांगतात. पिंपळीला यांच्या सासूबाईंनीसुद्धा मला हेच—"

तिचा हात थांबला. "पिंपळीला गेलतीस तू?"

"हो, कामासाठी."

"अगं बाई! म्हंजे तिनं धाडलं तुला!" ती मोठ्याने बोलत होती, पण माझ्याशी नाही, विहीण जणू समोरच्या क्रेटवर बसलेली होती. "आमची पोर आमी उपाशी ठिवली का काय, बघाय माणूस धाडलंय. कागद-बिगद देऊन! तिला सांग, म्हनावं पोटच्या पोरीचं पाय दिसत्यात मला."

"मला कुणी पाठवलं नाही, काकू."

"डॉक्टरनं मंगळवारची तारीख दिलीय. मंगळवारी दावतो."

"मंगळवारपर्यंत थांबू नका."

तिने मला वरून खाली पाहिलं. "तुजं लगीन झालंय का?"

"नाही."

"मग?"

मुलगी हळूच म्हणाली, "आये, जाऊ या की. खरंच दुखतंय."

"तू गप. चार दिवस इकडं आलीस तर तिकडनं चौकशीला माणसं. आज तुला उचलून न्हेली तर ती गावभर सांगंल, बघा, माज्या माणसानं सांगितलं तवा शुद्धीवर आली."

मी तिथून उठून गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचं घर गाठलं. मुलीची नोंद पिंपळीची, त्यामुळे ती इथे आलीय हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण ती तपासणीसाठी त्यांच्याकडे आली नव्हती. त्या लगेच निघाल्या. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. बरंच समजावल्यावर आई तयार झाली होती, पण आज नाही, उद्या. भाऊ काकडी घेऊन बाजाराला गेला होता आणि गाडी त्याच्याकडे होती. दुसरी गाडी मागवा म्हटलं तर ती म्हणाली, एवढं काय लागून राहिलंय.

सकाळी उजाडायच्या आधी मुलीला झटके आले. आधी इंदापूरला नेलं, तिथून बारामतीला. मी दवाखान्यात गेले नाही. कुणाची म्हणून जाणार होते? आशाताईंनीच कळवलं. मुलगी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

पुढे अहवालाचं काम लागलं. मी लिहून दिलं की आपल्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सातव्यानंतर बाई त्या नंबरपाशी नसते, आणि नेमकं तेव्हाच जे सांगायचं ते सुरू होतं. विहिणी एकमेकींना काय सांगू शकत नाहीत, तेही लिहिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या घरात माहिती पोचली होती ना? आपण तेवढंच मोजतो."

माझा मजकूर त्यांनी काढला नाही. शेवटच्या भागात, मर्यादा या मथळ्याखाली, लहान करून ठेवला. माहेरी जाण्याची प्रथा असल्याने काही लाभार्थी संपर्काबाहेर राहू शकतात, असं वाक्य झालं. पिंपळीचं घर माहिती असलेल्यांतच राहिलं. कार्यक्रम पुढच्या तालुक्यांत न्यायचं ठरलं.

त्यानंतर एकदा पिंपळीहून सासूचा फोन आला. माझा नंबर मी तिच्याकडे ठेवलेल्या कागदावर होता. "बाई, त्यो तुमचा फोन बंद कर," एवढंच ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. यंत्राच्या लेखी बाळाचा जन्म ठरल्या दिवशी झालेला होता आणि आता दर आठवड्याला पहिल्या दुधाचे, नाळेचे, बाळाला उबदार कसं ठेवायचं याचे निरोप येत होते. ते बंद करायला पूर्ण निरोप ऐकून शेवटी एक आकडा दाबावा लागायचा. त्या घरात कुणी शेवटपर्यंत ऐकत नव्हतं. आवाज आला की जो जवळ असेल तो फोन कापायचा. मी कार्यालयात मेल केले. उत्तरं आली, फोनही येत राहिले. शेवटी ज्या वारी फोन यायचा त्या वारी मीच पिंपळीला गेले.

सून परत आली होती. ती उंबऱ्याच्या आत, त्याच खिडकीखाली बसली होती, हातात दोन साध्या बांगड्या. सासूने माझ्या हातात फोन दिला आणि ती आत चहा ठेवायला गेली. तो वाजल्यावर मी कानाला घट्ट लावला, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. बाई सांगत होती की बाळ रडलं तर दर वेळी भूकच असते असं नाही. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि आकडा दाबला.

"झालं बंद?" सुनेने विचारलं.

"झालं."

"त्या दिवशी तू सुजंचं सांगितलंस. त्ये यात असतं?"

"असतं."

"कवा येतं?"

"सातव्यानंतर."

ती बोटांनी साडीचा काठ दुमडत राहिली. "म्हंजे हितं आलतं."

एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, हाही आमचा नियम होता. माझं न बोलणंही तिला पुरेसं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. सासू चहाचा कप घेऊन आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आलतं," ती म्हणाली. "मी ऐकलं. पाठ हुतं मला."

सुनेने मान वर केली नाही. सासूला ती आत्या म्हणायची. "मग आत्या, आईला फोन का न्हाय केला?"

"केला असता तर तुजी आई काय म्हनली असती?"

सून विचार करत राहिली. उलट बोलायचं म्हणून तिने पटकन काही म्हटलं नाही, खरंच आई काय म्हणाली असती ते ती बघत होती.

"भांडली असती," ती म्हणाली.

"मंग?"

"भांडू द्यायचं की."

सासूने कप माझ्यापुढे ठेवला. थोडा चहा बशीत सांडला, तो तिने पुसला नाही. रस्त्यावरून पाळी सुटलेल्यांच्या मोटरसायकली जात होत्या. मग तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि सुनेच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"लाव तुज्या आईला. मी बोलती."

"आता काय सांगनार तुमी तिला?"

सासू तिथेच, सुनेपासून हातभर अंतरावर, भिंतीला धरून खाली बसली. मी चहा अर्धा सोडला आणि उठून चपला घातल्या.