पार्वतीचा उपप्रश्न

पार्वतीला प्रश्न विचारायची सवय नव्हती. लहानपणी मिठागरावर मुकादम सांगेल तिकडे फावडं घेऊन जायचं, लग्नानंतर सासू सांगेल तेवढ्या भाकऱ्या थापायच्या. मिठागरं बंद पडली आणि नवरा धर्मा घरामागच्या जमिनीत भाजी लावू लागला, तेव्हापासून गिऱ्हाईक म्हणेल ती जुडी उचलून द्यायची. समोरच्याने विचारावं आणि आपण सांगावं, यातच तिची साठी जवळ आली.

भाईंदरजवळच्या डोंगरीच्या पुढच्या एका वाडीतून बस पकडून ती रोज सकाळी शहरातल्या सिल्व्हर पार्क वसाहतीत यायची. एका बंद दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून माठ, मुळा, अळू मांडायची. "मौसी, पालक कैसा दिया?" असं कुणी विचारलं की आपल्या हिंदीत सांगायची, "ताजा हाय, लेके जाव." तिच्या हिंदीला कुणी हसत नसे, कारण भाजी खरंच ताजी असे.

तिची एकुलती एक मुलगी कृतिका गावातल्या गावातच दिलेली, दोन आळ्या सोडून. जावई मितेश भाईंदरला नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून पार्वतीने तिला आठव्या महिन्यात हक्काने घरी आणलं. वाडीत सरकारी दवाखाना होता. त्याला नव्याने बाळंतपणाची खोली बांधली होती, पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. तेव्हा काळजी कसली?

भर दुपारी कळा सुरू झाल्या. त्या खोलीला कुलूप होतं. दवाखान्यातली नर्स बिचारी पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर नाहीत हो मावशी. पोटात मूल पायाळू वाटतंय, मी हात लावणार नाही. भाईंदरला न्या लवकर." रिक्षा मिळाली, पण रस्ता खणलेला, पुढे डंपर अडकलेला. त्या रिक्षातच बाळ झालं. मुलगा होता. पार्वतीने त्याला स्वतःच्या मांडीवर घेतलं, पाठ चोळली, पाय धरून उलटा केला, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही.

पुढे कुणी काही विचारलं नाही आणि पार्वतीनेही कुणाला सांगितलं नाही.

वर्ष उलटायच्या आत कृतिकाला पुन्हा दिवस गेले. तेव्हा धर्माची म्हातारी चुलती घरी येऊन बजावून गेली, "आता गेल्याचं नाव काढायचं न्हाय. गेल्याला हाक मारली की येनारं वाट चुकतं." वाडीतली ती जुनीच रीत. झबली माळ्यावर गेली. पाळण्याचा दोर सोडला. घरात त्या मुलाबद्दल कुणी अवाक्षर काढेना. कृतिकाही काढेना. दिवसभर ती माहेरी येऊन पाय पसरून भिंतीला टेकून बसे आणि हसायच्या वेळी हसे.

दवाखान्यात अजून डॉक्टर नव्हता.

सिल्व्हर पार्कमध्ये समोरच्या इमारतीत राहणारी रसिका पार्वतीची रोजची गिऱ्हाईक. परळची चाळ सोडून तिचं कुटुंब इकडे आलेलं. ती आमदारांच्या कार्यालयात कामाला होती. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि त्यांतून अधिवेशनासाठी प्रश्न लिहून द्यायचे, हे तिचं काम. एका सकाळी तिने मेथी मागितली आणि पार्वतीने शेपू दिला. बदलून मागितला तर पुन्हा शेपूच दिला.

"मावशी, बरं नाही का?"

पार्वतीने हातातली जुडी गोणपाटावर ठेवली. मग वर्षभर न बोललेलं सगळं त्या पायरीवर बोलून गेली. मध्येच एक बाई कोथिंबीर मागायला आली, तिला रसिकानेच जुडी दिली.

"मावशी, हे मंत्र्यांना विचारू या. अधिवेशन तोंडावर आलंय."

"मंत्र्याला? मी?"

"तुम्ही नाही हो. साहेब विचारतील. मी लिहून देते."

"मग तो काय बोलनार?"

"काहीतरी बोलावंच लागतं. प्रश्न लागला की उत्तर द्यावं लागतं त्यांना."

"द्यावंच लागतं?" पार्वतीने हे दोनदा विचारलं. मोठ्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं, अशी जागा जगात असेल हे तिला खरं वाटेना. "आनी खोटं बोलला तं?"

"तिथे खोटं बोलता येत नाही. म्हणजे, बोलू नये असं आहे."

"म्हंजे आपल्या घरासारखंच हाय की." पार्वती बऱ्याच दिवसांनी हसली.

प्रश्न कसा लिहितात ते रसिकाने सांगितलं. आधी, अमुक अमुक हे खरे आहे काय? मग, असल्यास शासनाने काय कारवाई केली? आणि शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय? "पहिल्याच ओळीत कृतिकाचं घालते," ती म्हणाली. "तारखेसकट."

पार्वतीने तिचं मनगट धरलं. "न्हाय बाय. बाळाचं न्हाय लिवायचं. पोटुशी हाय ती."

"अहो, पण तेच तर खरं कारण आहे."

"तुला पोर हाय ना? मग समज."

रसिकाला मुलगी होती, आणि तिच्या आजारपणात तिनेही चार नवस बोलले होते. तिने समजून घेतलं. 'दवाखान्यात डॉक्टर उपलब्ध नाही, हे खरे आहे काय,' एवढंच लिहिलं. "पण मावशी, भाईंदरला आधीच नेऊन ठेवता नाही का येणार तिला?"

"कुठं ठेवू? तिथं भावाची एक खोली, त्यात सात मानसं. आनी एकटी माझीच पोर हाय काय वाडीत?"

शेकडो प्रश्नांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे थोडेच प्रश्न निवडले जातात. हा निवडला गेला, आणि यादीत वरही आला. रसिकाने पार्वतीसाठी प्रेक्षक गॅलरीचा पास काढला.

त्या दिवशी पार्वतीने लग्नकार्यातलं हिरवं लुगडं नेसलं. विधान भवनाच्या दारात पोलिसाने तिच्या कनवटीची मिश्रीची डबी काढून ठेवली.

"परत देनार ना रे?"

"देणार, आजी."

"बघ हां. इथं सगळेच देनार बोलतात."

पोलीस हसला. रसिका मात्र हसत नव्हती. तिच्या हातात छापील उत्तर आलं होतं. तिने हळू आवाजात वाचून दाखवलं. एक, हे खरे नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद भरलेले आहे. दोन, गैरसोयीबाबत कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे पहिल्यालाच नाही म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप गळतात."

"डॉक्टर हाय बोलतात?"

"कागदावर आहे. नेमणूक तुमच्याकडे आणि काम करतोय दुसरीकडे."

इतक्यात आमदार घाईघाईने आले. हातात तेच उत्तर. "काय गं रसिका, हे काय लिहिलंस? यात एक उदाहरण नाही. मी उभं राहून काय बोलू, लोक म्हणतात म्हणून? मंत्री दोन वाक्यांत उडवून लावेल मला."

"साहेब, उदाहरण आहे. पण..." तिने पार्वतीकडे पाहिलं.

आमदारांनीही पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "आजी, मला एक माणूस सांगा. तिथे गेला आणि डॉक्टर मिळाला नाही असा एक. नाव असलं की मंत्र्याच्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येतो. बाकीचं मी बघतो."

घंटा वाजायला लागली होती. माणसं लगबगीने आत जात होती. पार्वती भिंतीला टेकून उभी राहिली. हे खरे नाही. कुणीतरी कुठेतरी बसून, तिला न विचारता, हे लिहिलं होतं. तक्रार प्राप्त नाही. पण तिच्या घरात तरी वर्षभर दुसरं काय चाललं होतं? माळ्यावर झबली टाकून, पाळण्याचा दोर सोडून, सगळ्यांनी मिळून हेच तर म्हटलं होतं की असं काही झालंच नाही. त्या मुलाचं बारसं झालं नव्हतं. ज्याला नावच नाही त्याचं नाव काढू नका, असं चुलती म्हणाली होती. आणि येणारं खरंच वाट चुकलं तर? येणाऱ्याची वाट पुन्हा त्याच कुलपावरून जाणार होती, हेही तिला दिसत होतं.

"माझं नाव घ्या," ती म्हणाली. "पार्वती धर्मा भोईर. नातू माझा होता. माझ्या मांडीवर आला, माझ्या मांडीवर गेला. पोरीचं नाव नको."

गॅलरीत थंडगार वारा येत होता. खाली अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मंत्री तिला वाटला होता तसा उंच नव्हता, चष्मा पुसत होता, त्याला खोकला होता. आमदार उठले. रसिकाने पार्वतीचा हात धरून ठेवला, कारण वरून कुणी काही बोललं तर बाहेर काढतात.

"अध्यक्ष महोदय, मंत्री महोदय सांगतात की पद भरलेलं आहे. भरलेल्या पदाने बाळंतपण होत नाही. माझ्या मतदारसंघातल्या पार्वती धर्मा भोईर यांची मुलगी त्या दवाखान्याच्या दारात पोचली तेव्हा खोलीला कुलूप होतं. नातू रिक्षात जन्मला आणि रिक्षातच गेला. माझा उपप्रश्न एवढाच आहे. त्या दिवशी तिथे डॉक्टर होता काय? आणि नसेल, तर तो कुठे होता?"

सभागृह स्तब्ध वगैरे झालं नाही. मागे दोघं बोलत होते, ते बोलतच राहिले. पण फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या एकाने मान वर केली. मंत्र्याने बाजूला बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. तिकडून एक चिठ्ठी आली, मग दुसरी. मंत्र्याने दोन्ही वाचल्या. नंतर चष्मा काढला.

"अध्यक्ष महोदय, घटना दुर्दैवी आहे. ती माझ्यापर्यंत आली नव्हती. डॉक्टर त्या दिवशी अन्यत्र कामाला होते. सन्माननीय सदस्य म्हणतात ते खरे आहे."

"पूर्णवेळ डॉक्टर कधी देणार?"

"एका महिन्याच्या आत."

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले.

मेथीची जुडी निवडायलाही याहून जास्त वेळ लागतो. पार्वतीने रसिकाला विचारलं, "खरं हाय बोलला ना तो?"

"बोलला, मावशी."

ती बसने वाडीत आली. बातमी तिच्या आधी पोचली होती. कुणीतरी सभागृहातली चित्रफीत मितेशच्या फोनवर पाठवली होती. अंगणात धर्मा खाली मान घालून दोर वळत बसला होता आणि चुलती उंबऱ्यात उभी होती.

"काढलंस नाव?"

पार्वतीने अंगणात चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. आत कृतिका भिंतीला टेकून बसली होती, हातात नवऱ्याचा फोन. तिने मान वर न करता विचारलं, "आये, माझं नाव का न्हाय सांगितलंस?"

"मना भीती वाटली गं."

"परत लाव म्हटलं मितेशला. तीनदा ऐकलं." कृतिकाने फोन पालथा ठेवला. "नातू बोलले ना ते?"

"बोलले."

"सगळ्यांच्या समोर?"

"सगळ्यांच्या समोर. मंत्री बी खरं हाय बोलला."

"म्हंजे तो होता," कृतिका म्हणाली, आणि रिक्षातून उतरल्यापासून जी रडली नव्हती ती आईच्या कुशीत शिरून रडली. चुलती उंबऱ्यातून आत आली. तिने कृतिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी आणायला गेली.

महिना गेला. डॉक्टर आला नाही.

मग पार्वतीने नवीन सवय लावून घेतली. बसला जाताना डोक्यावर टोपली तशीच ठेवून ती दवाखान्याच्या फाटकाशी थांबायची. तिथे दिपेश नावाचा शिपाई बसे.

"डॉक्टर हाय काय?"

"न्हाय, आजी."

"कधी येनार?"

"वरून आदेश यायचाय."

"मंत्र्यानं सांगितलंय, महिन्यात देतो."

"मग मंत्र्यालाच विचार जा."

"त्याला विचारून झालं. आता तुला विचारते."

दिपेश वैतागला. पण ती रोज यायची, आणि संध्याकाळी रसिकाला फोन करून सांगायची, आजही न्हाय. रसिका तेच आमदारांच्या टेबलावर ठेवायची, सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं गेलं नाही म्हणून. कृतिकाला नववा लागला, तेव्हा फाटकातून दिपेशनेच हाक मारली. "आजी, टोपली ठेव खाली. आल्यात. बाई डॉक्टर हायत, दिव्या म्हनून. इथंच राहायला आल्यात."

पार्वतीने टोपली खाली ठेवली नाही. "दाखव," म्हणाली.

कृतिकाचं बाळंतपण त्याच पांढऱ्या फरशांच्या खोलीत झालं. मूल अडलं होतं, डॉक्टर घामाघूम झाली, बाहेर पार्वतीने भिंतीला कपाळ लावून ठेवलं होतं. मग आतून रडणं ऐकू आलं. मुलगी. धर्माने त्याच दिवशी पाळण्याचा दोर ताणून बांधला आणि चुलतीने माळ्यावरून झबली स्वतः काढली. एक झबलं तिने वेगळं घडी करून देवाजवळ ठेवलं. कुणाचं ते कुणी विचारलं नाही, पण ह्या वेळी सगळ्यांना ठाऊक होतं.

सव्वा महिना संपल्यावर पार्वती पुन्हा भाजी घेऊन निघाली. फाटकाशी थांबली.

"डॉक्टर हाय काय?"

दिपेशने कपाळाला हात लावला. "आजी, तुझी नात तर झाली की आत. आता कशाला विचारतेस?"

"मधल्या आळीतल्या शालूला सातवा लागलाय."

"हायत डॉक्टर."

"दाखव."

दिपेश उठला आणि आत जाऊन सांगून आला. खिडकीत डॉक्टर आली, हातात चहाचा कप होता. तिने तो कप जरासा उंचावला. पार्वतीने तिला नीट पाहून घेतलं, टोपली सावरली आणि बस गाठायला निघाली.