रस्त्याखालची मोरी

सोमवारी दुपारी दादा, माझा थोरला भाऊ, वारला.

घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर तो सुपरवायझर होता. आमच्या वावराजवळ तो रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात खचला आणि चौकशी लागली. पानठेल्यावर लोक त्याला ऐकू जाईल असं बोलत, "मुरूम पचला वाटते सायबाले." दादा पान घेऊन घरी येई. रस्ता आतून तपासा, एवढा एक अर्ज त्यानं केला होता.

तपासणीवाले तो गेल्यावर महिन्यानं आले. मी शिकवतो त्या शाळेतून रजा घेऊन गेलो. दादानं मुरूम खाल्ला नाही, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, इतकंच मला हवं होतं.

त्यांच्यातल्या मुख्य बाईंनी रस्त्याच्या कडेनं लोखंडी सळया ओळीत ठोकून घेतल्या, बुडाशी मिठाचं पाणी ओतलं आणि बॅटरीवरून जमिनीत वीज सोडली. कोरड्या मुरमातून वीज कष्टानं जाते, ओल्या काळ्या मातीतून सहज. त्यावरून खालचं कळतं. आमच्याकडे अशा सळया बोअरचं पाणी पाहायलाच ठोकतात. शेजारच्या वावरातले काका बैल सावलीत बांधून आले.

"बाई, माह्या वावरातबी दोन ठोका ना. तीन बोर कोरडे गेले."

"पाणी लागलं काका. पण रस्त्याखाली."

"मंग काय डांबरावर मोटर बसवू?"

बाई हसल्या. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

दुपारी त्यांनी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. "मुरूम पुरेसा आहे. रोलरनं दबाईही चांगली झाली आहे. पण या बाजूनं पाणी शिरलंय, त्यानं खालची काळी माती फुगली आणि मग बसली. पाणी जायला इथं मोरी नव्हती का?"

काका बैलांकडे पाहू लागले.

मोरी होती. तिचे पाइप दादानंच उन्हात उभं राहून बसवून घेतले होते. पहिल्या पावसाळ्यात पलीकडचं पाणी तिच्यातून आमच्या कपाशीच्या वावरात उतरलं, आणि मी तिच्या तोंडाशी दोन ट्रॉल्या माती टाकली. दादानं एकदाच विचारलं होतं, "मोरी कायले बुजवली?"

"पराटी सडून राह्यली होती."

"बरं," तो म्हणाला. तेव्हा रस्ता धड होता. पुढं चौकशीत त्यानं मोरीचा विषय काढला नाही. अर्जातही नाही. तो अर्ज मी पुष्कळदा वाचला आहे.

मी बाईंना बांधाशी नेलं आणि मातीवर माजलेली बेशरमाची झुडपं बाजूला केली.

"कुणी बुजवली?"

"मी."

त्यांनी लिहून घेतलं. अहवालात दोन्ही गोष्टी आल्या, मुरूमही आणि मोरीही. पानठेल्यावर आता कुणी काही बोलत नाही.

मोरी मोकळी आहे. पाऊस आला की पाणी आमच्या वावरातून जातं. खालच्या आठ ओळींतली पराटी पिवळी पडली आहे.