आढळेच्या रांजणातला वीर

आमच्या सासूबाई मालनबाई यांना आनंद झाला की त्यांना चपला घालायचं भान राहत नाही. त्र्याहत्तरच्या शिमग्यात माहेराहून निरोप आला, आढळा नदी कोरडी पडली आणि रांजणाचा तळ दिसायला लागला. झालं! त्या अनवाणीच राजूरच्या एसटी स्टँडकडे सुटल्या. मागून मी, एका हातात त्यांच्या चपला आणि दुसऱ्या हातात सूप.

त्यांचे वडील भिमाजी पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, ते तिकडेच पडले. मालनबाई तेव्हा पोटात होत्या. पुढे टपालानं चांदीचं एक पदक आलं. त्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा होता. घरानं ठरवून टाकलं, हाच भिमाजी! आमच्याकडे लढाईत पडलेला पूर्वज वीर होतो. देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक बसतो आणि धुळवडीला त्याला वाजतगाजत नाचवत नदीवर अंघोळीला नेतात. तेव्हा पदकालाच टाक मानलं. मालनबाई दहा वर्षांच्या असताना चुलत्याच्या हातून हा वीर निसटला आणि नदीपात्रातल्या खडकाच्या खोल खळग्यात गेला. त्या खळग्यालाच गाव रांजण म्हणतं. तो कधी आटला नव्हता. घरात भिमाजींचा फोटो नव्हता. पोरीजवळ बापाचं तोंड म्हणून जे काही होतं, ते बुडालं.

"मरायच्या आधी येकदा बघू दे गं," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले.

धुळवडीच्या सकाळी आम्ही दोघी रांजणात उतरलो. मी गाळ सुपात घेऊन चिवडायची आणि सासूबाई नुसत्या ओरडायच्या. आधी एक गडवा निघाला, मग अडकित्ता, मग वर्षानुवर्षं अंघोळीत निसटलेले टाकच टाक. चकाकलं काही की "बाबा!" म्हणून किंकाळी. बघावं तर घोड्यावर बसलेला कुणाचा तरी पणजोबा. बातमी गावात पोचली आणि लोक हलगी घेऊनच आले. जो तो आपला वीर ओळखून डोक्यावर घेऊन नाचायला लागला.

"आत्याबाई, चार बाबा झाले," मी म्हटलं. "पाचवा तरी आपला निघू द्या."

पाचवा खरंच आपला निघाला. काळाकुट्ट, गोल. होळीची राख आणून घासला, तशी दाढी दिसली. सासूबाईंनी माझ्या गळ्यात पडून मला गाळात लोळवलं.

"नाक बघ, माजंच हाय! पर फेटा कुटं गेला?"

"बसऱ्याला ऊन लई. काढून ठिवला आसंल," कुणीतरी म्हणालं आणि त्यांना ते पटलंही.

तेवढ्यात त्यांचे चुलतभाऊ श्रीमंतमामा पुढे झाले. अक्कल सांगायची एक संधी हा माणूस सोडत नाही. "आक्का, ह्यो तर विलायतेचा राजा. जुन्या रुपयावर न्हवता का?"

हलगी थांबली. सूप मामांच्या टाळक्यात घालावं असं मला झालं. सासूबाई वाळूत मटकन बसल्या.

"म्हंजी बापाचं तोंड मी कदी बघितलंच न्हाई?"

मला रडू आलं. ते लपवायला मी पदक उगाच फिरवत राहिले, तर कडेवर बारीक कोरलेलं दिसलं. मी मॅट्रिकला इंग्रजीतच गटांगळी खाल्लेली, पण अक्षरं लावता येतात. आधी एक नंबर, मग हुद्दा, मग नाव.

"आत्याबाई, राजा मधे असू दे. कडेला तुमचे बाबा आहेत. नाव आहे."

त्यांनी पदक ओढून घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"आई नवऱ्याचं नाव घेत नसायची, चुलता दादा म्हनायचा," त्या हळूच म्हणाल्या. "बाबांना नावानं हाक मारल्याली मी कदी आयकलीच न्हाई. पुष्पे, मार की हाक."

शाळेत हजेरी घेतात तशी मी छाती भरून ओरडले, "शिपाई भिमाजी!"

छप्पन्न वर्षांच्या मालनबाई वाळूतून ताडकन उठल्या, पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतीनं गरजल्या, "हजर हाय!"