शालिकराम मास्तरांची डिग्री

शालिकराम मास्तर कलकत्त्याहून मानसशास्त्र शिकून अमरावतीच्या कॉलेजात लागले, आणि त्यांच्या गावच्या, चांदूर बाजारच्या माळीपुऱ्याने ठरवून टाकले की मनाचा डॉक्टर आता घरचाच झाला. झाड ओळखणारा माणूस झाडाची कीडही काढतो, इतका त्यांचा सरळ हिशेब. मास्तर जीव तोडून सांगत, "मन कसं चालते थे मी शिकलो. मानूस काहून इसरते, कसं ध्यानात ठेवते. दुखनं बरं करनं येगळं शिक्षन हाये, थे मी केलं नाही." लोक माना हलवत आणि दुसऱ्या दिवशी अंगात येणारी सून घेऊन दारात उभे राहत.

मास्तर चिडत, पण ती चीड घरातली होती. तिची आग केली बाळापूरच्या भगवंतरावांनी.

भगवंतराव म्हणजे मास्तरांची भाची शकुन हिचे सासरे. तान्ही लेक गेली तेव्हापासून शकुन बोलत नव्हती. तिला घेऊन ते अमरावतीला आले, तेव्हा मास्तरांनी हात जोडले. "हे माझं काम नाही. नागपूरले एक डॉक्टर हाये, त्यायनं हेच शिक्षन घेतलं. त्यायले दाखवा." भगवंतरावांनी मान डोलावली आणि बाळापुरात सांगितले काय, तर खुद्द मामाने हात टेकले, आता पोरीत काही राहिले नाही. लगेच मुलासाठी, शकुनच्या नवऱ्यासाठी, म्हणजे गोवर्धनसाठी दुसरी बायको पाहिली.

मास्तरांना हे कळले ते सुपारी फुटायच्या दिवशी. ते तडक बाळापूरला गेले. ओसरीवर पाहुणे बसले होते आणि आत शकुन त्याच पाहुण्यांसाठी पानांचे तबक लावत होती. सवतीच्या सुपारीचे तबक! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मले पोहता येत नाही, म्हनून बुडनारा मेला काय हो, भगवंतराव? डॉक्टरकडं नेलं तिले?"

"लोक येडी म्हनतील," भगवंतराव पुटपुटले.

"अन् आता काय म्हनून राहिले?"

मुलीकडचे पाहुणे चपला शोधू लागले. मास्तरांनी शकुनच्या हातातले तबक काढून खाली ठेवले आणि तिला आजोळी, आपल्या घरी आणले.

पुढे ते तिला नागपूरला नेत राहिले. डॉक्टर आत तिच्याजवळ बसत आणि एम.ए. झालेले मास्तर बाहेर बाकावर. तिथे आपला उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होते. मास्तरांची आई पार्बताबाई मात्र विचारायची, "तूच काहून नाही बसत रे आत?" मास्तर पुन्हा पहिल्यापासून समजावत.

वर्षभराने भगवंतराव दारात. "मामानं बरी केली म्हनतात. घेऊन जातो."

"मी नाही बरी केली," मास्तर उखडले. "कितीदा सांगू तुमाले?"

शेवंतीचा हार ओवणाऱ्या शकुनने सुई खाली ठेवली आणि सासऱ्यांकडे सरळ पाहिले.

"मामंजी, माही लेक गेली तवा तुमी मले येक शबद इचारला नाही," ती म्हणाली. "मी येत नाही."