धुक्यातली अमेरिकन पिकअप

माझं शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या गाड्यांच्या डेपोत झालं. मी हवालदार ड्रायव्हर. दुसऱ्या महायुद्धात आलेली एक अमेरिकन पिकअप माझ्या ताब्यात होती. उंच, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, माल वाहायलाच जन्मलेली. तिच्या पाठोपाठ जीप आली, ताडपत्रीचं छप्पर घेऊन. पुढे छप्पर पत्र्याचं झालं, काचा आल्या, एसी आला. आता एसयूव्हीत बसलेल्याला बाहेर ऊन आहे की थंडी, तेही कळत नाही. माझा जीव मात्र त्या म्हातारीवर.

जानेवारीत फरीदाबादच्या प्रदर्शनाला आम्ही या तिन्ही गाड्या घेऊन निघालो. कॉन्व्हॉयमध्ये सगळ्यात हळू गाडी पुढे असते. म्हणून आधी पिकअप, मग जीप, शेवटी एसयूव्ही. माझा को-ड्रायव्हर नाईक सलीम मुलाणी, मिरजेचा. सकाळ झाली होती, पण धुक्यात बॉनेटही अर्धंच दिसत होतं. झाडं जवळ यायची आणि विरून जायची. रस्त्यावर आहोत की तरंगतोय, कळेना. खरं सांगतो, मला फार छान वाटत होतं.

"उस्ताद, झोपू नका," मुलाणी म्हणाला.

"माझ्याआधी गाडी झोपेल."

ती खरंच झोपली. पुलाच्या चढावर इंजिन बंद पडलं. बाजूला घ्यायला जागा नव्हती. मी वायरलेसवर कळवलं, "पिकअप बंद. सगळे थांबा."

एसयूव्हीतून उत्तर आलं, "थांबलो. आत पाच जवान. मागचं काही दिसत नाही. ओव्हर."

अशा वेळी को-ड्रायव्हर लाल झेंडी घेऊन शेवटच्या गाडीच्या मागे जातो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहतो. मुलाणी गेला. मी बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला होता.

धुक्यातून त्याचा आवाज आला, "उस्ताद, कडेवरून झेंडी दिसणार नाही. मी मध्ये उभा राहतो."

"कडेलाच राहा."

मी पुन्हा कार्ब्युरेटरकडे वळलो. मग ट्रकचा हॉर्न, ब्रेकचा लांबलचक आवाज, आणि काहीच नाही.

ट्रक एसयूव्हीपासून हातभर अंतरावर थांबला होता. पाचही जवान सुखरूप होते. मुलाणी रस्त्याच्या मधोमध, ट्रकच्या पुढच्या चाकाशी पडला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो गेला होता. मी सगळ्यांसमोर रडलो.

उन्हाळ्यात त्याची बायको, शबाना वहिनी, पेन्शनच्या कामासाठी दिल्लीला आल्या.

"भाऊ, ती गाडी बघू का?"

मी त्यांना डेपोत नेलं. आताच्या गाड्यांत ज्याची त्याची सीट वेगळी असते. पिकअपला मात्र या दारापासून त्या दारापर्यंत एकच बाक. मी स्टिअरिंगवर बसलो. वहिनी चढता चढता थांबल्या.

"हे खिडकीशी बसायचे?"

"हो."

त्या आत सरकून बसल्या, खिडकीची जागा मोकळी ठेवून. मग त्या जागेवरून हात लांबवून त्यांनी दार ओढून घेतलं. हळूच, कुणाला लागू नये असं.

"चला," म्हणाल्या.